डायनॅमो काढण्याआधी अर्थिंग बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या मोटारींच्या वायरिंगवर जो लेख आला, त्यातले दोन सल्ले खटकले म्हणून हे पत्र. पहिला असा की जुन्या फियाट-अँबेसेडरचे मूळ वायरिंग धोक्याचे असल्याने ते सरसकट उपटून टाकावे. दुसरा असा की त्या जागी तयार ब्लेड फ्यूजबॉक्स (चपट्या फ्यूजचा डबा) आणि गाडीत वीज तयार करणाऱ्या जुन्या डायनॅमोऐवजी जास्त करंट देणारा अल्टरनेटर बसवला की प्रश्न मिटला. पहिल्यात अर्धे तथ्य आहे. दुसरा कोणी जसाच्या तसा अमलात आणला, तर गाडी पेटण्याचा धोका उलट वाढतो.

लुकास या ब्रिटिश कंपनीच्या वायरिंग पद्धतीच्या गाडीत, म्हणजे जुन्या अँबेसेडरमध्ये, मॉरिस-ऑस्टिनमध्ये, बॅटरीकडून एक जाड तपकिरी तार निघते. ती अमीटर (करंट दाखवणारा काटा) आणि कटआऊट (डायनॅमोचे चार्जिंग सांभाळणारा डबा) यांच्यामार्गे इग्निशन आणि लाइटच्या स्विचपर्यंत जाते. तिच्यावर फ्यूज नसतो. जुन्या मोजणीत ही तार ४४/०.३०, म्हणजे ०.३० मिमीचे ४४ धागे, साधारण ३ चौरस मिमी, आणि तिची क्षमता सुमारे २७ अँपिअर. लुकासचा सी-४० डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो. म्हणजे त्याने कितीही जोर लावला तरी ती तार तापत नाही. आता त्या जागी ४५ अँपिअरचा अल्टरनेटर बसवा आणि तपकिरी तार तीच ठेवा. एखाद्या सकाळी बॅटरी बसलेली असते, गाडी ढकलून चालू केली जाते आणि अल्टरनेटर सगळा जोर बॅटरीकडे लावतो. तो सगळा करंट त्याच तारेतून आणि तीस अँपिअरपर्यंतच आकडे असलेल्या अमीटरमधून जातो. अमीटरच्या मागचा नट जरा सैल असला की आधी तो लाल होतो, मग डॅशबोर्डमागे धूर. फ्यूजबॉक्स कितीही नवा असला तरी इथे कामाला येत नाही, कारण करंट त्याच्यापर्यंत पोचतो तो या तारेतून गेल्यावरच.

अल्टरनेटर नकोच, असे मुळीच नाही. ज्याची गाडी रोज संध्याकाळी पावसात दादर ते बोरिवली रखडते त्याला तो हवाच, कारण सुस्त चालीवर डायनॅमो काहीच देत नाही. पण मग अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत ६ चौरस मिमीची स्वतंत्र तार टाका, बॅटरीपाशी तिला साजेसा फ्यूज द्या आणि अमीटर काढून व्होल्टमीटर बसवा. तिन्ही गोष्टी करायच्या नसतील तर डायनॅमोला हात लावू नका. महिन्यातून दोन रविवारी फिरणाऱ्या गाडीला मूळ व्यवस्था पुरून उरते, फक्त ती मुळात होती तशी असायला हवी. आणि तशी ती क्वचितच असते. चाळीस-पन्नास वर्षांत तिच्यात हॉर्न, टेप, पंखा, सेंट्रल लॉक, मोबाइलचा चार्जर असे काय काय घुसलेले असते, आणि हे सगळे त्या बिनफ्यूजच्या तपकिरी तारेला सोलून, पिळून, वर टेप गुंडाळून जोडलेले. गाड्या पेटतात त्या इथे. मूळ आखणीला दोष देण्याआधी हे जोड मोजा.

म्हणून आमचा सल्ला असा: तारा नव्या टाका, आराखडा जुना ठेवा. घरी हे काम होते. त्याला कौशल्यापेक्षा चिकाटी लागते.

सुरुवात बॅटरीची अर्थ-केबल, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली केबल, काढून. अर्थ कोणत्या टोकाला आहे ते आधी डोळ्यांनी बघा. फियाटमध्ये निगेटिव्ह बॉडीला असते. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह बॉडीला असते, आणि मधल्या काळात कुणी ते उलटेही केलेले असू शकते. अंदाजाने बॅटरी लावली की डायनॅमो आणि कटआऊट दोन्हींची वाट लागते.

मग जुने वायरिंग काढण्याची घाई न करता त्याचे फोटो घ्या. प्रत्येक जोडाचा, दोन बाजूंनी. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधा. चिठ्ठीवर 'डाव्या हेडलाइटचा डिपर' असे पूर्ण लिहा. नुसते 'निळी' लिहून ठेवाल तर महिन्याभराने त्याचा अर्थ लागत नाही. रंग उडालेला असेल तर टेप किंवा क्लॅम्पखालचा भाग सोलून बघा, तिथे ऊन आणि ग्रीस पोचलेले नसते आणि मूळ रंग शाबूत सापडतो. तार कापायचीच झाली तर कनेक्टरला बोटभर शेपूट ठेवून कापा.

लुकासचे रंग एकदा कळले की अर्धा आराखडा पाठ होतो. तपकिरी म्हणजे बॅटरीची थेट, बिनफ्यूजची. पांढरी म्हणजे इग्निशन चालू केल्यावर जिवंत होणारी, तीही बिनफ्यूजची. हिरवी म्हणजे तीच फ्यूजमधून आलेली: इंडिकेटर, ब्रेक लाइट, वायपर, गेज. जांभळी म्हणजे फ्यूजमधून पण कायम चालू, हॉर्न आणि आतला दिवा. निळी हेडलाइटची, तिच्यावर पांढरी रेघ असेल तर अप्पर, लाल रेघ असेल तर डिपर. लाल पार्किंग आणि टेल लाइटची, काळी अर्थची. हिरव्यावर लाल रेघ डावा इंडिकेटर, हिरव्यावर पांढरी उजवा. डायनॅमोची तपकिरीवर पिवळी रेघवाली तार डी टोकाची (जिथून करंट निघतो), तपकिरीवर हिरवी रेघवाली एफ टोकाची (आतल्या फील्डच्या गुंडाळीची). रेघांच्या तारा सगळ्या मिळत नाहीत. तेव्हा मूळ रंगाची साधी तार घ्या आणि दोन्ही टोकांना रेघेच्या रंगाची स्लीव्ह चढवा. सगळे वायरिंग लाल नि काळ्या दोनच रंगांत करणाऱ्या कारागिराला पैसे देऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याचे काम आज चालते, पण उद्या बिघाड शोधणाऱ्याचा दिवस वाया जातो.

फियाटमध्ये भरवसा रंगांपेक्षा टोकांवर कोरलेल्या आकड्यांवर ठेवा. ३० म्हणजे बॅटरी, १५/५४ म्हणजे इग्निशननंतरचे, ५० सेल्फचे, म्हणजे स्टार्टर मोटरचे. डायनॅमोवर ५१ आणि ६७. घासलेले आकडे टॉर्च तिरका धरला की वाचता येतात.

तार कोणती घ्यायची? लोहार चाळीत घरगुती वायरिंगची वायर स्वस्त मिळते आणि गॅरेजमध्ये तीच सर्रास वापरतात. तिचे आवरण ७० अंशांचे असते आणि जाड असल्याने वळणावर आडमुठी होते. इंजिनाजवळ, तेलाच्या संगतीत, ते काही वर्षांत कडक होऊन तडकते. मोटारीची वायर मागा, बारीक धाग्यांची, १०५ अंश सोसणारी. जाडी करंटवरून ठरते. टेल, नंबरप्लेट, इंडिकेटर, गेज यांना १ चौरस मिमी. हॉर्न, वायपर आणि दोन्ही हेडलाइटना मिळून जाणारी तार २ ते २.५. मुख्य तपकिरी किमान ३, बाजारात ४ सहज मिळते, तीच घ्या. बॅटरी ते सेल्फ आणि बॅटरी ते बॉडी २५ चौरस मिमी, कारण सेल्फ मारताना शंभर-दीडशे अँपिअर जातात. पद्मिनीच्या, म्हणजे इथल्या फियाटच्या, आकाराच्या गाडीत मागे जाणाऱ्या तारा पाच: टेल, ब्रेक, दोन इंडिकेटर, पेट्रोल गेज. प्रत्येकी चार मीटर धरा, शिवाय डिकीत या दिव्यावरून त्या दिव्यापर्यंत जायला दीड-दोन मीटर. म्हणजे निव्वळ मागच्या भागाला तीस मीटरच्या आसपास. प्रत्येक तार जुन्यापेक्षा वीतभर लांब कापा. उरलेली कापता येते, कमी पडली तर जोड द्यावा लागतो, आणि जोड म्हणजे पुढचा बिघाड.

जाडीबद्दल एक हिशेब करून बघण्यासारखा आहे. तांब्यासाठी ०.०१७५ गुणिले लांबी मीटरमध्ये, गुणिले अँपिअर, भागिले चौरस मिमी, म्हणजे वाटेत गळणारे व्होल्ट. साठ वॉटचे दोन हेडलाइट दहा अँपिअर घेतात. चार मीटर तार १ चौरस मिमीची असेल तर ०.७ व्होल्ट गळतात, २.५ ची असेल तर ०.२८. बल्बचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार वेगाने पडतो: व्होल्ट दहा टक्के कमी मिळाले तर प्रकाश जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी. 'जुन्या गाडीचे दिवे पिवळेच पडतात' म्हणणाऱ्यांनी १००/९० चे बल्ब घेण्याआधी बल्बच्या टोकावर मीटर लावून बघावे. बॅटरीवर १२.६ आणि बल्बवर ११ दिसले तर दोष तारेत, स्विचमध्ये किंवा अर्थिंगमध्ये आहे. १००/९० लावलेत तर अप्परवर दोन्ही मिळून सोळा-सतरा अँपिअर झाले. इग्निशनचे तीन-चार आणि वायपरचे तीन धरले की २२चा डायनॅमो संपला, आणि पावसाळ्यात रात्री गाडी बॅटरीवर जगू लागली. त्यात स्टेअरिंगखालच्या दांडीतला स्विच त्या करंटसाठी बनवलेलाच नाही. ६०/५५ लावायचे तर दोन रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारे स्विच) घाला, एक अप्परला, एक डिपरला. जुन्या निळ्या तारा फक्त रिलेच्या ८५-८६ या कॉइलच्या टोकांना, म्हणजे स्विचवर दहा अँपिअरऐवजी पाव अँपिअरही येत नाही. रिलेच्या ३० या टोकाला बॅटरीकडून नवी २.५ची तार आणि तिला बॅटरीपाशीच १५चा फ्यूज, ८७ या टोकापासून पुढे बल्बपर्यंत. डाव्या-उजव्या बल्बला १०-१०चा वेगळा फ्यूज द्या. दोन्हींना मिळून एकच फ्यूज असला आणि तो घाटात उडाला तर काय होईल ते सांगायला नको. रिले रेडिएटरच्या आडोशाला लपवता येतात, मूळ रूप बिघडत नाही.

फ्यूजची गोष्ट निघाली आहे तर एक फसगत नोंदवतो, कारण ती जवळजवळ प्रत्येक अँबेसेडरमध्ये दिसते. लुकासच्या डब्यात काचेचे दोनच फ्यूज असतात, त्यांवर ३५ लिहिलेले. तो आकडा फ्यूज उडण्याचा आहे. सतत वाहून नेण्याची त्याची क्षमता १७. आज दुकानात ३५ मागितला तर मिळणारा फ्यूज ३५ सतत वाहून नेतो आणि त्याहून बरेच अधिक झाल्यावरच उडतो. तोपर्यंत हिरवी तार आपल्यासोबत चार तारांना घेऊन वितळलेली असते. तेव्हा जुन्या ३५च्या जागी नवा १५चा, फार तर २०चा. उडालेल्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणाऱ्यांबद्दल बोलत नाही.

फियाटचे टोकदार चिनी मातीचे फ्यूज वेगळ्या कारणाने त्रास देतात. पांढरा ८चा, लाल १६चा. दोन पितळी पात्यांच्या चिमट्यात तो नुसता दाबून बसलेला असतो. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत टोकाशी पांढरट पूड धरते, फ्यूज धडधाकट दिसतो आणि दिवा मात्र लागत नाही. बोटाने जरा फिरवला की लागतो. बारीक पॉलिश पेपरने पाती घासा, आत वाकवून पकड घट्ट करा, वर व्हॅसलीनचा हलका हात. पाते तापून निळे पडले असेल तर त्याची स्प्रिंग गेली, डबाच बदला.

आता जोड. क्रिंप (धातूचे टोक, म्हणजे लग, तारेवर दाबून बसवणे) चांगला की सोल्डर (कथिलाने डाग देणे), हा वाद न संपणारा आहे. आमचा कल क्रिंपकडे, पण रॅचेटच्या पक्कडीने, योग्य मापाच्या लगवर, आणि प्रत्येक जोड हाताने जोर लावून ओढून बघून. साध्या पक्कडीने चेपलेला लग सहा महिन्यांत सैल होतो. सोल्डर करायचे तर फ्लक्स राळेचा घ्या. भांड्यांना डाग देण्यासाठी मिळते ती आम्ल पेस्ट लावली तर जोड त्या दिवशी चकाचक दिसतो आणि पुढच्या पावसाळ्यात तार आतून हिरवी होऊन तुटते. दुसरी अडचण अशी की कथील धाग्यांमधून वर चढते, तेवढी तार काडीसारखी ताठ होते आणि ताठ भाग संपतो तिथे इंजिनाच्या थरथरीने मोडते. म्हणून जोडापुढे इंचभर स्लीव्ह हवी. आतून गोंद असलेली हीटश्रिंक स्लीव्ह लॅमिंग्टन रोडला मिळते, ती जरा महाग पडते पण समुद्राजवळच्या गाडीला तीच. स्लीव्ह आधी तारेत ओवायची, मग जोड करायचा; हे लिहिण्याची गरज नसावी, पण असते.

तारांची जुडी बांधायला प्लायवूडची फळी घ्या. जुने वायरिंग तिच्यावर पसरा, प्रत्येक फाट्याच्या जागी खिळा ठोका, खडूने नाव लिहा. मग जुने उचला आणि त्याच खिळ्यांमधून नव्या तारा टाका. फ्लॅटमध्ये एवढी जागा नसते हे खरे. तीन भाग करा: बॉनेटचा, डॅशबोर्डचा, मागचा. मूळ आराखडाही बहुधा तसाच तुटतो. गुंडाळायला नेहमीची चिकट काळी टेप नको, मेमधल्या उन्हात तिचा चिकटा पाझरतो आणि वर्षभरात सगळे घाण होते. बिनचिकट पीव्हीसी पट्टी किंवा हार्नेससाठी मिळणारी कापडी टेप, अर्धी पट्टी अर्ध्यावर चढवत. फक्त टोके चिकट टेपने बांधा. पूर्ण गुंडाळण्याआधी जुडी गाडीत एकदा कच्ची लावून बघा, कारण फाटा चार बोटे चुकला तर टेप सोडवण्यात पुन्हा दिवस जातो. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकात नवे रबर बुश बसवल्याशिवाय जुडी ओवू नका. धारदार कडेवर घासून आवरण गेले, की बिनफ्यूजची तपकिरी तार थेट बॉडीला.

अर्थिंगला आम्ही या पत्रात सर्वात जास्त जागा द्यायला हवी होती. जुन्या गाडीतले निम्म्याहून अधिक 'वायरिंगचे' बिघाड अर्थिंगचे निघतात. ब्रेक दाबला की इंडिकेटरही मंद पेटतो, डावा इंडिकेटर लावला की टेल लाइट त्याच्या तालावर लुकलुकतो, हॉर्न वाजवला की पेट्रोलचा काटा हलतो: ही सगळी एकाच रोगाची लक्षणे. करंटला परतीची सरळ वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बमधून परततो. दिव्याची वाटी जिथे बॉडीला स्क्रूने बसते तिथे रंग, पुटीन आणि गंज असतो. नव्याने रंगवलेल्या गाडीत हा त्रास हमखास. उपाय म्हणजे प्रत्येक दिव्याच्या वाटीपासून काळी तार, पुढच्या सगळ्या पुढे एका बोल्टवर, मागच्या सगळ्या डिकीत एका बोल्टवर. बोल्टखालचा पत्रा उघडा चमकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, घट्ट केल्यावर वरून रंगाचा हात मारा. मूळ आराखड्यात आम्ही सुचवत असलेली ही सर्वात मोठी भर, आणि ती बाहेरून दिसतही नाही.

इंजिनापासून बॉडीपर्यंतची विणलेली तांब्याची पट्टी विसरू नका. इंजिन रबरी माउंटिंगवर बसते, म्हणजे त्याचा बॉडीशी धातूचा संबंध या पट्टीपुरताच. ती तुटली किंवा इंजिन उतरवताना कुणी परत लावली नाही, तर सेल्फचा करंट चोकच्या नाहीतर ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परततो. चोकची केबल तापून अडकते आणि मालक कार्बोरेटर खोलून बसतो. तपासणी सोपी आहे. मीटरची एक सुई बॅटरीच्या अर्थ टोकावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पाव व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्याच्या वर गेला तर पट्टी, केबल किंवा टोके खराब.

डायनॅमोच्या डी आणि एफ तारांची अदलाबदल होऊ देऊ नका. मोठे टोक डी, लहान एफ. डायनॅमो चालतो की नाही हे कटआऊटला दोष देण्याआधी बघता येते: दोन्ही तारा काढा, डी आणि एफ एका तुकड्याने जोडा, तिथून बॉडीपर्यंत व्होल्टमीटर लावा आणि इंजिनाचा वेग हळूहळू वाढवा. काटा न अडखळता वर जायला हवा. वीस व्होल्टच्या पुढे नेऊ नका, रेस तर अजिबात करू नका. डायनॅमो दुरुस्त होऊन आला असेल किंवा अर्थची बाजू बदलली असेल, तर त्याला नवी दिशा 'शिकवावी' लागते. एफ टोकाची तार काढून, बॅटरीच्या जिवंत (बॉडीला न जोडलेल्या) टोकाकडून आणलेली तार त्या टोकाला क्षणभर टेकवायची, ठिणगी उडाली की बाजूला. हे लुकासपुरते, फियाटला त्याच्या पुस्तकाप्रमाणे करा. अर्थ बदलताना इग्निशन कॉइलच्या दोन तारा आणि अमीटरच्या दोन तारा उलटायच्या असतात. सेल्फ आणि दिव्यांना फरक पडत नाही.

इंडिकेटर लुकलुकवणारा जुना डबा (फ्लॅशर) २१ वॉटच्या दोन बल्बांच्या, म्हणजे साडेतीन अँपिअरच्या करंटवर तापून चालतो. तिथे एलईडी बल्ब घातले की तो तापतच नाही आणि दिवे लुकलुकण्याऐवजी नुसते पेटून राहतात. लोक मग स्विच बदलत बसतात.

सगळे जोडून झाल्यावर बॅटरी थेट लावू नका. २१ वॉटचा बल्ब होल्डरसकट घ्या आणि बॅटरीचे अर्थ टोक व काढलेली केबल यांच्यामध्ये जोडा. सगळे स्विच बंद असताना तो पेटता कामा नये. पेटला, तर कुठेतरी तार बॉडीला लागली आहे. पण धूर नाही, ठिणगी नाही, बल्ब पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊच देत नाही. एकेक फ्यूज काढत जा, ज्याने विझेल तो धागा धरून शोधा. बिनफ्यूजच्या तपकिरी वाटेवर हेच काम तारा एकेक सोडवून करावे लागते. मग एकेक स्विच चालू करा. इग्निशन चालू केल्यावर बल्ब पेटला तर लगेच घाबरू नका: डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारा स्विच) मिटलेले असतील तर इग्निशन कॉइल करंट घेणारच. कॉइलची तार काढून ठेवा नि पुन्हा बघा. तसेही पॉइंट मिटलेले असताना इग्निशन चालू ठेवून डॅशबोर्डखाली काम करत बसलात तर कॉइल तापून बाद होते.

बल्ब काढून बॅटरी लावल्यावर इंजिन जरा वेगात ठेवून तिच्या टोकांवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसावेत. सगळे बंद असताना गळती मिलिअँपिअरमध्ये मोजा, घड्याळ धरून तीस-चाळीसच्या आत. तरीही सोसायटीत उभ्या असणाऱ्या गाडीला अर्थ टोकावर फिरवून काढायचा आयसोलेटर (बॅटरी तोडणारा स्विच) बसवाच, आणि हाताशी एबीसी पावडरचा दोन किलोचा सिलिंडर असू द्या. कार्बोरेटर गळत असेल तर विजेचे काम त्यानंतर.

पावसाळ्यात उभ्या गाडीचे वायरिंग उंदीर कुरतडतात आणि यावर रामबाण उपाय आम्हालाही सापडलेला नाही. आठवड्यातून दोनदा बॉनेट उघडणे आणि आत बिस्किटांचे तुकडे न राहू देणे, एवढेच.

सुट्या भागांबद्दल: टॅक्सी म्हणून पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून गेली, तरी तिचे फ्यूजबॉक्स, दिव्यांच्या वाट्या, स्विच कुर्ल्याच्या भंगार बाजारात हाताने निवडून घेता येतात. निवडून घ्या ते कनेक्टर आणि डबे. जुन्या गाडीतून काढलेले अख्खे वायरिंग 'चांगले आहे' म्हणून कितीही स्वस्त दिले तरी नको, त्याचे वय तुमच्या गाडीइतकेच आहे. ५० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ साली जे व्हिंटेज नोंदणीचे नियम आले, त्यांत चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल नसावा अशी अट आहे. डायनॅमो काढल्याने नोंदणी अडेल असे आम्ही म्हणत नाही, पण काढलेला डायनॅमो आणि कटआऊट भंगारात देऊ नका, तेल लावून फडक्यात बांधून ठेवा.

दोन कामे मात्र घरी करू नयेत. बॅटरीच्या २५ चौरस मिमीच्या केबलला लग हायड्रॉलिक प्रेसवरच दाबून घ्यावेत, हातोडीने ठोकलेला लग सेल्फ मारताना तापतो. आणि डायनॅमोचे आर्मेचर (आतला फिरणारा भाग) गुंडाळणे हे वाइंडिंगवाल्याचे काम. त्याच्याकडून परत आणताना कॉम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतात त्या भागाच्या) तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक खाली कापला आहे का ते दुकानातच बघून घ्या; तो वर राहिला तर ब्रश उडतात, ठिणग्या पडतात आणि चार्जिंग पुन्हा बंद.

आपला,
जुन्या मोटारींचे विजेचे काम करणारा एक वाचक
परळ, मुंबई